नको ना, बाय

आधीच सांगतो. या पेजवर मी दोन वर्षं आहे, आणि ते हसायला.

तुमच्या त्या पांढऱ्या साडीतल्या बाया, उलटे पाय, घाटात लिफ्ट मागणारी पोरगी... प्रत्येकाचा मावसभाऊ त्याच घाटातून गेलेला असतो. प्रत्येकाच्या मोबाईलची बॅटरी नेमकी तेव्हाच संपते. मी हे दुकानात मोठ्याने वाचून दाखवतो आणि पोट धरून हसतो.

त्यामुळे खाली जे लिहितोय त्याला तुम्ही हसलात तर तुमचा हक्क आहे.

पण घडलंय ते खरं आहे. माझ्यासमोर घडलंय. अर्धं तर मीच केलंय.

आणि रात्र नव्हती. अमावस्या आहे की नाही हे मी बघितलंही नाही. गेल्या नोव्हेंबरातला गुरुवार, दुपारचे पावणेतीन. उल्हासनगर, कॅम्प नंबर तीन, बाजाराच्या आतल्या गल्लीत माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान. बाहेर रणरणतं ऊन, टेम्पोचे हॉर्न, समोर पापड तळणारा. एवढ्या उजेडात भुतालाच यायची लाज वाटावी.

माझं नाव कैलास. सोळा वर्षं हेच काम करतोय. "मी काहीच नाही केलं, आपोआप झालं" म्हणणाऱ्याने चहा सांडलेला असतो, एवढं मला मशीन न उघडता कळतं.

त्या दिवशी दोघं आले. संतोष नावाचा पस्तिशीचा माणूस, बदलापूर पूर्वेला शिरगावात राहणारा, अंबरनाथला एका कारखान्यात सुपरवायझर. सोबत त्याची आई, विठाबाई. पिशवीत लॅपटॉप, तोही टॉवेलमध्ये गुंडाळलेला. टॉवेलमध्ये! जसं काही तान्हं मूल.

"काय झालंय?"

"चालतो नीट," संतोष म्हणाला. "फक्त... आवाज येतो."

"पंख्याचा?"

"नाही." त्याने आईकडे पाहिलं. "माझ्या मिसेसचा."

"मग मिसेसला सांगा, जरा कमी बोल."

"ती मार्चमध्ये गेली."

मी सॉरी म्हणालो नाही. लिहिताना आठवलं म्हणून लिहितोय.

तिचं नाव प्रगती. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावरची. त्या पाड्यावर कॉम्प्युटर शिकलेली पहिली मुलगी. लग्नानंतर घरी बसून एका दवाखान्याचे रिपोर्ट टाईप करायची. लॅपटॉप तिचाच. कावीळ झाली आणि आठ दिवसांत आटोपलं. आता त्यांची नऊ वर्षांची मुलगी, राजसी, त्या लॅपटॉपवर अभ्यास करायची.

तुम्हाला माहीत असेल, मशीनला नको ते करायला गेलं की ते 'ठण' करतं. चुकीचं बटण दाबलं, ठण. मनाई आहे तिथे हात घातला, ठण.

संतोषने लॅपटॉप उघडला. एक चुकीचं बटण दाबलं.

आणि...

"नको ना, बाय."

बाईचा आवाज. हळू. दमलेला. अगदी स्वच्छ, स्पीकरमधून आलेला.

विठाबाईने कानांवर पदर ओढून घेतला.

"पोर मुद्दाम चुकीची बटणं दाबत बसते," म्हातारी म्हणाली. "आयचा आवाज ऐकाया. जेवत नाय, खाली खेळाया जात नाय. शाळंतून आली का दुपारभर त्याच्यापुढंच. येडी व्हईल माझी नात. काढून टाक तू ते."

"भगताकडे नेलं नाहीत का?" मी टोमणा मारला.

"नेलं," ती सरळपणे म्हणाली. "तो बोलला, ह्यातलं मला काय कळत नाय."

सोळा वर्षांत ऐकलेला पहिला प्रामाणिक भगत.

संतोषने सांगितलं, तीन आठवड्यांपूर्वी कल्याणला एकाकडे सगळं पुसून नवीन सिस्टीम टाकून घेतली होती. घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी... तोच आवाज.

"म्हणजे त्याने टाकलीच नाही. बनवलं तुम्हाला," मी म्हणालो. "हे तुमच्या मिसेसनेच कधीतरी पोरीला बाय म्हणत दटावताना गमतीने रेकॉर्ड करून ठेवलंय. अर्ध्या तासाचं काम आहे. जा, चहा पिऊन या."

ते गेले. माझ्या तोंडावरचं हसू तसंच होतं.

आधी सेटिंगमध्ये जाऊन सूचनेचा आवाज बदलला. तिथे चौदा प्रकारचे आवाज असतात. घंटा, थेंब, बेडूक वगैरे. मी घंटा निवडली. चुकीचं बटण दाबलं.

"नको ना, बाय."

थेंब निवडला.

"नको ना, बाय."

चौदाच्या चौदा करून बघितले. मग आवाज पूर्ण बंद केला. पडद्यावर स्पीकरच्या चित्रावर काट मारलेली दिसत होती.

तरी...

"नको ना, बाय."

आता एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर तुम्हाला पुढचं कळणार नाही. हे आवाज सिस्टीमच्या एका फोल्डरमध्ये असतात, आणि त्या फोल्डरला सिस्टीमनेच कुलूप लावलेलं असतं. मालक असलात, पासवर्ड माहीत असला, तरी तुम्ही तिथे काही टाकू शकत नाही, काढू शकत नाही, बदलू शकत नाही. फक्त बघायचं. वेड्या माणसाने नाहीतर व्हायरसने आत हात घालू नये म्हणून.

या कुलपाचा मला पहिल्यापासून राग. मालकालाच स्वतःच्या स्वयंपाकघरात बंदी! आणि ते उघडायला मला कधी दहा मिनिटांच्या वर लागली नाहीत.

मी तपासलं. कुलूप शाबूत होतं. सिस्टीम खरंच तीन आठवड्यांपूर्वीची होती. म्हणजे कल्याणवाल्याने काम चोख केलं होतं. त्यानंतर कुलूप एकदाही उघडलेलं नव्हतं.

म्हणजे आत कोणी काही ठेवूच शकत नव्हतं.

मी ती आवाजाची फाईल माझ्या दुकानातल्या मशीनवर घेतली. वाजवली. घंटा. साधी घंटा. माझ्या मशीनमधल्या फाईलशी जुळवून बघितली. अक्षरन् अक्षर तीच.

तीच फाईल त्या लॅपटॉपवर वाजवली.

"नको ना, बाय."

शहाण्या माणसाने इथे झाकण लावलं असतं. मला राग आला. काय चेष्टा लावलीय माझ्याशी, माझ्याच दुकानात?

पेनड्राईव्ह काढायला मी मागच्या फळीकडे वळलो. लॅपटॉप टेबलावर. जवळ कोणी नाही. मी पाठमोरा.

आणि...

"नको ना, बाय."

मी वळलो.

"नको ना, बाय. नको ना, बाय."

सात वेळा. मी मोजलं. पडद्यावर एकावर एक चौकटी येऊन बसल्या होत्या. सगळ्यांत एकच मजकूर. 'या फोल्डरमध्ये बदल करता येणार नाही. तुम्हाला परवानगी नाही.'

सात चौकटी.

बाजूचा लछू मोबाईलची कव्हरं विकतो. त्याने डोकं आत घातलं. "कैलास साईं, अंदर कोई लेडीज बैठी है क्या?"

"हां. तेरी मौसी है," मी म्हणालो. तो हसत गेला.

मी मात्र त्या चौकटींकडे बघत राहिलो. कारण तो आवाज उगाच येत नाही. कोणीतरी काहीतरी करायला जातं, मशीन नाही म्हणतं, तेव्हा येतो. माझे दोन्ही हात फळीवर होते.

मग नाही कोणाला म्हटलं?

मशीन अशा प्रत्येक नकाराची नोंद ठेवतं. कधी, काय आणि कोणी. मी ती यादी उघडली. राजसी दाबायची ती चुकीची बटणं यात येत नाहीत. यात येतं ते फक्त कुलूपबंद फोल्डरला हात लावणं.

तीन आठवड्यांची यादी होती. रोज. दुपारी दोन ते चारमध्ये. एकेका दिवशी दीडशे, दोनशे वेळा.

'कधी' भरलेलं. 'काय' भरलेलं.

'कोणी'च्या जागी...

काहीच नव्हतं. 'अनोळखी' असंसुद्धा नाही. नुसती मोकळी जागा. तो रकाना मी सोळा वर्षांत कधी मोकळा पाहिलेला नाही.

मी काय म्हणालो असेन? "यादी खराब झालीय." बस्स. मोठा तज्ज्ञ ना मी!

लॅपटॉप बंद केला. बटण दाबून धरलं आणि दुरुस्तीच्या काळ्या पडद्यावर आणला. इथे सिस्टीम सुरूच झालेली नसते. आवाजाची फाईल वगैरे काही चालू नसतं. नुसता काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. कुलूप काढायची ओळ टाईप केली. आता एन्टर दाबायचं बाकी.

तेवढ्यात...

"नको ना..."

अर्ध्यावर थांबला आवाज. जणू कोणी वळून बघितलं.

मग, अगदी जवळून,

"नको ना, दादा."

दादा.

माझं बोट एन्टरवर होतं. कोणीही माणूस असता तर थांबला असता. पण भूतबीत मानणाऱ्यांना आयुष्यभर हसलो, आणि आता स्वतः घाबरायचं? स्वतःची केवढी लाज वाटली मला.

मी त्या लॅपटॉपला म्हणालो, "गप बस."

मेलेल्या बाईला मी हे म्हणालो. आणि एन्टर दाबलं.

कुलूप निघालं. मी चौदाच्या चौदा फाईली काढून माझ्या मशीनवरच्या टाकल्या. चुकीचं बटण दाबलं. ठण. पुन्हा दाबलं. ठण. किती छान वाटलं सांगू! सव्वातीन वाजले होते.

काम झाल्यावर कुलूप परत लावायचं असतं. मी लावलं नाही. म्हटलं, काय फरक पडतो?

साडेतीनच्या सुमारास लॅपटॉपचा पंखा आपोआप सुरू झाला. पूर्ण वेगाने. काहीही उघडलेलं नसताना. धापा टाकल्यासारखा. मी बघत होतो, तेवढ्यात माझ्या लक्षात आलं...

बाहेरचा आवाज बंद झालाय.

टेम्पो दिसत होता. हॉर्न ऐकू येत नव्हता. पापडवाल्याच्या कढईत तेल उकळत होतं, पण चर्र नाही. लछू गिऱ्हाइकाशी हातवारे करून बोलत होता. तोंड हलत होतं, नुसतं हलत होतं. सगळ्या गल्लीत फक्त तो पंखा.

मग पंखा थांबला आणि गल्ली परत ओरडायला लागली.

कानात मळ झाला असेल, असं मी ठरवलं.

संतोष आला. त्याला ठण ऐकवलं. दोनदा, तीनदा. त्याचे डोळे भरून आले.

"गेली," तो म्हणाला.

"रडायचंच होतं तर काढायला कशाला आणलंत?" मी विचारलं.

त्याने बाहीने डोळे पुसले. विठाबाईने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुजं भलं व्हवो, बाबा." दोघं लॅपटॉप टॉवेलमध्ये गुंडाळून घेऊन गेले. त्यांच्या पाठीकडे बघूनही मी हसलो.

पुढच्या बुधवारी विठाबाई परत आली. बरोबर राजसी. शाळेचा गणवेश, दोन वेण्या, काटकुळी.

"हिला तुला कायतरी विचारायचाय," म्हातारी वैतागून म्हणाली. "चार दिवस डोकं खाल्लंय."

राजसी काउंटरला हात टेकून उभी राहिली.

"काका, आई कुठे ठेवली?"

माझ्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाला उत्तर असतं. जिभेवर आलं ते बोललो. "अगं, ती आई नव्हती. फाईल होती. आवाजाची फाईल."

तिने थोडा विचार केला.

"मग आता बायला कोण थांबवणार?"

"कोण बाय?"

"आई मला बाय नाही म्हणायची. मला राजू म्हणायची."

मी विठाबाईकडे पाहिलं. तिचा वैताग उतरला होता. "हां," ती हळूच म्हणाली. "राजूच म्हनायची. माझ्या ध्यानातच नाय आलं."

"मग बाय कोण, राजसी?"

"माझ्या मागे उभी असायची ती. दुपारी. माझ्या खांद्यावरून हात घालायची बटणांवर. मग आई म्हणायची, नको ना, बाय. मग ती हात काढायची." ती अगदी शांतपणे सांगत होती, वर्गात कोण कुठल्या बाकावर बसतं ते सांगावं तसं. "म्हणून मी मुद्दाम चुकीची बटणं दाबायचे. आईला झोप लागू नये म्हणून."

समोर पापडवाल्याची कढई चरचरत होती. मला तिचा आधार वाटत होता. तिचा! पापडाच्या कढईचा!

"आता... आता ती मागे उभी असते?"

"नाही. आता बसते."

"कुठे?"

"माझ्या खुर्चीत."

"आणि तू?"

"मी तिच्या मांडीवर."

त्या दिवशी मी दुकान पाच वाजताच बंद केलं. सोळा वर्षांत न बोलावता कोणाच्या घरी गेलो नव्हतो. शिरगावला गेलो. संतोष नुकताच कामावरून आला होता. खिडकीजवळ टेबल, टेबलापुढे खुर्ची. मी त्या खुर्चीत बसलो नाही. लॅपटॉप उचलून जमिनीवर घेऊन बसलो.

नकारांची यादी उघडली. ती गुरुवारी सव्वातीनला संपली होती. त्यानंतर एकही नकार नाही.

त्याखाली दुसरी यादी सुरू झाली होती. बदल केल्याची.

हजारो ओळी. रोज, दोन ते चार. 'कोणी'च्या जागी... तीच मोकळी जागा.

काय बदललंय? मी एकेक फाईल माझ्याकडच्या प्रतीशी जुळवली. तासभर. काहीही बदललेलं नव्हतं. सगळं जसंच्या तसं. हजारो बदल करून मशीनमध्ये काहीच बदललं नव्हतं.

मग ते बदल कशात केले?

मी सगळं पुसलं. नवीन सिस्टीम टाकली. कुलूप लावलं. तीन वेळा खात्री केली. मग चुकीचं बटण दाबलं. ठण. परत दाबलं. ठण. वेड्यासारखा दाबत राहिलो. पन्नास वेळा, साठ वेळा.

"ताई, चुकलो," मी म्हणालो. लॅपटॉपला. जमिनीवर मांडी घालून. "एकदा बोला."

ठण.

संतोष दारात उभा राहून बघत होता. मी त्याला सगळं सांगितलं. म्हणालो, हा लॅपटॉप घरात ठेवू नका. फोडा, पुरा, काय वाटेल ते करा.

तो हसला. "कैलासभाऊ, तुम्ही तर शिकलेले ना? लहान पोर काहीपण बोलते. आई नाही तिला." आणि परत हसला. कुठलं हसू ते मला ओळखता आलं. रोज मीच हसतो ते.

त्यानंतर मी त्याला दर पंधरा दिवसांनी फोन करतो. आधी तो उचलायचा नाही. गेल्या आठवड्यात उचलला. दुपारची वेळ, त्याला सुट्टी होती. खुशीत होता.

"राजसी एकदम मस्त हो. जेवते, अभ्यास करते. तिच्या टीचर म्हणतात, टाईप करताना एक चूक नाही. रडणं नाही, हट्ट नाही. आईचा विषयसुद्धा काढत नाही. परवा मी म्हटलं, मार्चमध्ये आईचं वर्षश्राद्ध आहे. तर म्हणते काय, माहितीये?" त्याला हसू आवरत नव्हतं. "म्हणते, कोणत्या आईचं?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पोरं पण ना..." तो म्हणाला.

त्याच्या मागे टाईप करायचा आवाज येत होता. भरभर. न थांबता. पावसाच्या सरीसारखा.

"आत्ता काय करतेय ती?" मी विचारलं.

"दुपारची बसलीय लॅपटॉपवर."

"जरा देता तिला फोन?"

त्याची पावलं ऐकू आली. "राजू, हे घे, दुकानवाले काका." फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला.

"हॅलो," मी म्हणालो. "राजसी?"

फोनमध्ये लहान मुलीचा श्वास. अगदी जवळ. फोन तिने दोन्ही हातांनी धरला असावा, लहान मुलं धरतात तसा.

आणि मागे टाईप करायचा आवाज...

चालूच होता.

खाली तुम्ही विचारणार, मग पुढे काय केलंत? म्हणून आत्ताच सांगतो. फोन कट केला. एक शब्द न बोलता. मी, कैलास. त्यानंतर संतोषचे दोन फोन येऊन गेले, दोन्ही दुपारचे.

मी उचलले नाहीत.